मागच्या आसाचा पाठभेद

पदवीच्या वर्गांना मध्ययुगीन मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवण्यात ज्यांची वीसेक वर्षे गेली, अशा आम्हां दोघांवर मोटारीच्या दातांचा निर्णय करण्याची पाळी येईल असे कोणी सांगितले असते, तर आम्ही हसलो असतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती पाळी आली. बीडमधल्या एका गॅरेजात मिस्त्रींनी आमच्यापुढे काळ्या तेलाची परात धरली. तेलात पोलादाचे दोन चकचकीत तुकडे पडलेले होते.

"मागचं क्राउन-पिनियन गेलं, सर. खोलल्यावर बघूच, पण सामान बाहेरून मागवावं लागतंय. कंपनीचं आठ-त्रेचाळीस सांगू, का रोडचं अकरा-सत्तेचाळीस?"

गाडी आमच्यापैकी एकाच्या घरची. महिंद्रची एफ.सी. १५० जातीची पिकअप, १९६८ साली घेतलेली. नाक नसलेली, चपट्या तोंडाची. चालक जवळजवळ पुढच्या चाकांवर बसतो आणि त्याच्या पाठीमागे उघडा हौदा सुरू होतो. धारूरजवळच्या एका वाडीवर कडुनिंबाखाली ती तीस-बत्तीस वर्षे उभी होती. ती पुन्हा चालती करण्याचे मनात आले ते चुलत घरातल्या एका मुलाच्या. त्याला आपण पुतण्या म्हणू. पुण्यात नोकरी करणाऱ्या या पुतण्याला ती चौपदरी रस्त्याने पुण्यापर्यंत न्यायची होती. म्हणून त्याचे मत अकरा-सत्तेचाळीसच्या बाजूचे. आमचे मत, अर्थातच, मूळ प्रतीच्या बाजूचे.

या आकड्यांचा अर्थ थोडक्यात सांगितला पाहिजे. पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. एंजिनाचे फिरणे गिअरपेटीतून एका लांब दांड्याने मागे येते. त्या दांड्याच्या टोकाला लहान दंतचक्र असते, ते पिनियन. ते मोठ्या दंतचक्राला, म्हणजे क्राउनला, फिरवते आणि क्राउनबरोबर मागची चाके फिरतात. पिनियनला आठ दात आणि क्राउनला त्रेचाळीस असले तर दांड्याच्या ५.३८ फेऱ्या होतात तेव्हा चाकाची एक फेरी पुरी होते. अकरा आणि सत्तेचाळीस असले तर ४.२७ फेऱ्यांत. आकडा जितका मोठा तितका चाकाला जोर अधिक आणि वेग कमी. आमच्याकडे जड बैलगाडी घाट चढायची असली की पुढे आणखी एक जोडी जुंपत आणि घाटमाथ्यावर ती सोडून देत. मोठ्या आकड्याचा आस म्हणजे ही दुसरी जोडी कायमची जुंपून ठेवणे होय. सपाटीवर ती नुसती वैरण खाते.

(गाडीच्या चाकांमधल्या दांड्याला आपल्या भाषेत 'आस' हा अक्ष शब्दापासून आलेला चांगला शब्द आहे. बैलगाडी गेली आणि तोही गेला. मिस्त्री 'ॲक्सल' म्हणतात. या लेखात आम्ही दोन्ही वापरणार आहोत.)

एफ.सी. १५० मध्ये २२०० घनसेंटिमीटरचे चार नळकांड्यांचे पेट्रोल एंजिन असते. त्याची ७२ अश्वशक्तीची कमाल ताकद मिनिटाला ४००० फेऱ्यांवर मिळते, पण सर्वांत अधिक पीळ २००० फेऱ्यांच्या आसपासच हाती येतो. आमच्या गाडीच्या टायरांच्या मापाने आम्ही हिशेब मांडला. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला ५.३८ च्या आसावर एंजिन मिनिटाला ३०५० च्या घरात फिरेल. ४.२७ वर तेच काम २४२० फेऱ्यांत होईल. पुतण्याचे म्हणणे खोटे नव्हते. पुण्यापर्यंत सहा-सात तास ३००० फेऱ्यांचा आवाज कानाशी घेऊन बसणे ही शिक्षाच. कारण या गाडीत एंजिन चालकाच्या मांडीलगत, एका पत्र्याच्या पेटीखाली असते. उलट ४.२७ वर प्रत्येक गिअरमधला जोर पाचव्या हिश्शाने घटणार. भरलेली गाडी बालाघाटाच्या चढावर तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या गिअरात धरणार नाही. गिअर एकूण तीनच. चौथ्याची सोय नाही.

आमचा पक्ष मांडण्यासाठी आम्ही जरा इतिहासात शिरलो, आणि तिथे जे सापडले ते आम्हांला मिस्त्रींच्या परातीइतकेच अनपेक्षित होते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा आस ४.८८ चा होता. लढाई संपत आली तेव्हा कंपनीपुढे प्रश्न पडला की आता ही गाडी घेणार कोण. उत्तर निघाले, शेतकरी. १९४५ साली जी नागरी जीप बाजारात आली ती नांगर ओढील, मळणीयंत्र फिरवील, बाजारातही जाईल, अशी तिची जाहिरात होती. त्या गाडीसाठी गिअरपेटी बदलली आणि आसाचा आकडा ४.८८ वरून ५.३८ वर नेला. म्हणजे ५.३८ हा सैन्याचा आकडा नव्हे. सैन्यातून सुटून शेतावर आलेल्या गाडीचा तो आकडा आहे. मुंबईत १९४५ च्या 'महिंद्र अँड महंमद' या पेढीतले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे झाले. त्याच सुमारास माझगावला सुट्या भागांतून जीप जुळवण्याचे काम सुरू झाले. अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आलेली चपट्या तोंडाची पिकअप पुढे महिंद्रनेही काढली. त्या साऱ्या प्रवासात हा शेताचा आकडा टिकून राहिला.

आणि तो आमच्याकडे शोभलाही. बीड जिल्ह्याचे बालाघाटाने दोन भाग केले आहेत. खाली उत्तरेला गोदावरीकाठची गंगथडी, गेवराई-माजलगावची काळी जमीन. वर पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाईचे पठार. वरून खाली यायचे तर मांजरसुंब्याचा घाट उतरा किंवा धारूरचा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. परळीला रेल्वे निजामाच्या अमदानीतच आली, पण बीड शहरातून प्रवासी रेल्वे सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर जे जायचे-यायचे ते रस्त्यानेच. आणि रस्ता हा शब्दही वाड्यांच्या बाबतीत पुष्कळ काळ सौजन्याने वापरावा लागे. ओढ्यात उतरणारी, मुरमाची, पावसाळ्यात नाहीशी होणारी चाकोरी म्हणजे रस्ता. अशा ठिकाणी पहिला गिअर, खालची जोडपेटी आणि ५.३८ चा आस या तिन्हींचा गुणाकार ३७ पर्यंत जातो. एंजिनाच्या सदतीस फेऱ्यांत चाकाची एक फेरी. माणूस शेजारून चालत जाईल इतका वेग, पण गाडी अडत नाही.

हे सारे आम्ही पुतण्याला ऐकवले. वर थोडी पाठचिकित्साही ऐकवली. ती सवय जात नाही. वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची जी प्रत छापली ती त्यांना बीडच्या पाटांगणात मिळाली होती. पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. राजवाड्यांचा आग्रह असा की आपली प्रत या शुद्धीकरणाच्या आधीचा पाठ राखते. त्या प्रतीवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि राजवाड्यांचे सारेच दावे टिकले नाहीत. पण वाचणाऱ्याच्या सोयीसाठी मूळ बदलू नये, ही दृष्टी आम्ही त्यांच्याकडून घेतली. ज्या गावात ती प्रत सापडली त्याच गावच्या गॅरेजात आम्ही 'मूळ पाठ आठ-त्रेचाळीस' असा निवाडा देत होतो, याचे आम्हांला थोडे कौतुकही वाटले असावे. पुतण्या म्हणाला, "सर, एकनाथांनी शुद्ध केली म्हणून तर लोकांनी वाचली." त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्याने कायद्याचाही प्रश्न काढला. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निराळी नोंदणी आणली. वाहन मूळ रूपात असावे, सांगाडा, बाहेरचा पत्रा किंवा एंजिन यांत मोठा बदल नसावा, ही तिची अट. आसाचे नाव त्यात नाही. मात्र अशी नोंदणी केली की गाडी प्रदर्शनाला, शर्यतीवजा फेरीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला आणि धंद्याला नाही. म्हणजे मूळ पाठ राखल्याबद्दल मान मिळणार, आणि मान मिळाला की पोते टाकून मोंढ्यात जाता येणार नाही. यावर आम्ही तिघेही काही काळ गप्प बसलो.

शेवटी असे ठरले की वाद आकड्यांवर सोडवू नये. गाडी प्रत्यक्षात कशी वापरली गेली ते पाहावे. त्याला साधन होते. आमच्यापैकी ज्याच्या घरची गाडी, त्याचे वडील, म्हणजे अण्णा, फेऱ्यांची वही ठेवत. लाल कापडी बांधणीची, लांबट, दुकानदार वापरतात तसली. तारीख, कुठे, काय माल, मीटरवर निघतानाचा आकडा, परत आल्यानंतरचा आकडा, पेट्रोल किती. १९६८ पासून १९८४ पर्यंत.

मात्र ही वही काढणे आमच्या घरी सोपे नव्हते. त्याचे कारण सांगायला हवे. अण्णा आणि त्यांचे थोरले भाऊ यांचे घर एकत्र होते आणि गाडी एकत्रातली होती. थोरले काका हिशेबाला पक्के. १९७८ साली वाटणी झाली, ती या वहीवरूनच. काकांनी दाखवून दिले की पूर्वी लिटरला सात किलोमीटर पडत, आता साडेसहाही पडेनात. आणि ज्या माजलगावच्या फेरीला पूर्वी मीटरवर ६६ किलोमीटर भरत, तिथे आता ६० लिहिलेले असते. "रस्ता आखडला काय?" हे त्यांचे वाक्य घरात पन्नास वर्षे राहिले. त्याचा अर्थ, अण्णा पेट्रोल परस्पर विकतात आणि ते झाकण्यासाठी वहीत काहीबाही लिहितात. पण झाकायचे असते तर आकडा वाढवायचा की घटवायचा, हेही त्या भांडणात कोणी विचारले नाही. अण्णा काही बोलले नाहीत. ते एरवीही फार बोलत नसत. दोन्ही घरांत लग्नकार्याला जाणे-येणे राहिले, पण एका ताटात जेवण राहिले नाही. गाडी वाटणीत अण्णांकडे आली, ती काकांना नको होती म्हणून. पुतण्या हा त्या काकांचा नातू.

तेव्हा वही उघडली ती थोडी भीतभीतच.

पहिली काही वर्षे माल ठरावीक. कापूस माजलगावच्या मोंढ्याला, गूळ आणि तूर अंबाजोगाईला, परतीला खत, पत्रे, कधी लग्नाची भांडी. १९७२ च्या पावसाळ्यानंतर पाने पालटतात. कापूस नाही, तूर नाही. त्या जागी 'मिलो' आणि 'सुकडी' हे दोनच शब्द. आजच्या विद्यार्थ्यांना हे शब्द समजावून सांगावे लागतात. मिलो ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावरच्या मजुरांना मिळणारे कोरडे पूरक अन्न. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लक्ष माणसे अशा कामांवर होती. त्यांतले पुष्कळ काम रस्त्यांचे आणि खडी फोडण्याचे. आमच्या वाडीपासून धारूरकडे जाणारा रस्ता त्यांनीच केला. वहीत एका पानावर मालाच्या रकान्यात 'सुकडी, ११ पोती' आणि ठिकाणाच्या रकान्यात 'आपलाच रस्ता' असे लिहिले आहे. गावचे नाव लिहायला गावच नव्हते. काम जिथवर आले तिथवर गाडी जायची. चाकोरीवरून, खालच्या जोडपेटीत, ५.३८ च्या जोरावर.

ही पाने वाचल्यावर आमचा निर्णय पक्का झाला. पुतण्याही जरा नरमला. आम्ही मिस्त्रींना फोन करून आठ-त्रेचाळीस सांगणार होतो. तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"सर, खोललं. ह्याच्यात त्रेचाळीस न्हाईत. एकोणचाळीस हायेत."

आम्ही गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी क्राउन घासून लाकडी फळीवर ठेवला होता आणि एका दातावर खडूची खूण केली होती. आम्ही तिघांनी आळीपाळीने मोजले, मोडके दोन धरून. एकोणचाळीस. आठ-एकोणचाळीस म्हणजे ४.८८, लढाईतल्या जीपचा आकडा. पुढच्या ॲक्सलात मात्र त्रेचाळीसच. आता, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा आकडा एकच असावा लागतो; नाहीतर पुढची चाके एक वेग मागतात, मागची दुसरा, आणि मधली पेटी पिळून निघते. इथे ती पिळून निघाली नव्हती, कारण पुढे जोर नेणारा दांडा गाडीवर नव्हताच. तो गोठ्याच्या माळ्यावर गोणपाटात बांधलेला सापडला, दोन्ही टोकांना वंगण फासलेला. पन्नास वर्षांत त्याला गंज लागलेला नव्हता.

म्हणजे आम्ही ज्याला मूळ पाठ म्हणत होतो तो मूळ नव्हताच. कोणीतरी तो मधेच शुद्ध केला होता. कोणी आणि केव्हा, हे वहीत कुठेच लिहिलेले नव्हते. दुरुस्तीचा खर्च अण्णा या वहीत लिहीत नसत.

ते सांगितले मिस्त्रींनी, तेही सहज. मागचे टायर काढता काढता ते म्हणाले, "मग ह्या गाडीचं मीटर खोटं दाखवत असणार."

"म्हणजे?"

"मीटरची तार चाकावरनं न्हाई येत, सर. मधल्या पेटीवरनं येती, ॲक्सलच्या अलीकडनं. दांडा किती फिरला ते मीटर मोजतंय, चाक किती फिरलं ते न्हाई. मीटर आहे त्रेचाळीसच्या हिशेबानं. माग एकोणचाळीस टाकलं की गाडी अकरा किलोमीटर जाती अन् मीटर दहाच लिहितंय."

आम्ही वही गाडीतच ठेवली होती. पुतण्याने मोबाइलवर गुणाकार केला. ६६ गुणिले ३९, भागिले ४३. उत्तर ५९.८६ आले.

आम्ही दोघे धंद्याने संशयी. एका आकड्यावर विश्वास ठेवू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. वाडीपासूनचा नवा रस्ता सरळ झाल्यामुळेही अंतर घटले असेल; काकांच्या वेळी हा खुलासा कोणी केला असता तर मानलाही गेला असता. म्हणून अंबाजोगाईच्या फेऱ्या काढल्या. पूर्वी ८८, नंतर ८०. रस्ता सरळ झाल्याने वाचले असते तर दोन्ही फेऱ्यांत सारखेच किलोमीटर वाचले असते, कारण वाडीपासूनचा तो तुकडा दोन्हीकडे तोच. इथे एकीकडे सहा घटले आणि दुसरीकडे आठ. घट अंतराच्या प्रमाणात होती. ती रस्त्यातली नव्हती, दातांतली होती. धारूरचा घाट तर होता तिथेच होता.

मग घट कुठून सुरू होते ते पान शोधले. १९७६ चा दसरा. दसऱ्याच्या आठ दिवस आधीची माजलगावची फेरी ६६, मग बारा दिवस एकही फेरी नाही, आणि दिवाळीच्या आधीची पहिली फेरी ६०. त्या बारा दिवसांत ॲक्सल खोलला गेला असणार. पेट्रोल मात्र फेरीला पूर्वीइतकेच, उलट एखादा पाव लिटर कमीच. लिटरला किलोमीटर घटलेले दिसतात, ते मीटर कमी मोजत होते म्हणून. खरे अंतर घालून आम्ही दोन वर्षांच्या साऱ्या फेऱ्या पुन्हा मांडल्या. लिटरला सात, कधी सव्वासात. पेट्रोल कुठेही गेले नव्हते. अण्णा मीटरवर जे दिसे ते लिहीत होते, एवढेच.

त्यांना कारण ठाऊक होते का, हा प्रश्न आम्हांला पुढचे चार दिवस पुरला. आमच्यापैकी एकाचे मत असे की ठाऊक असणारच. जो माणूस दांडा उतरवून वंगण लावून ठेवतो, त्याला पुढचा-मागचा आकडा जुळत नाही हे कळलेले असते. दुसऱ्याचे मत असे की ते मिस्त्रीने सांगितले असेल, मीटरचे नसेल सांगितले. कळले असते तर अण्णांनी सांगितले असते की नाही, यावरही आमचे एकमत नाही. वाटणीच्या वेळी मागच्या आसात एकोणचाळीस दात आहेत हे सिद्ध करायला ॲक्सल खोलावा लागला असता, आणि घरातल्या भांडणासाठी कोणी ॲक्सल खोलत नाही.

बदल का केला, हे मात्र सांगता येण्याजोगे आहे. दात मोडले म्हणून, आणि बाजारात जे मिळाले ते टाकले म्हणून, ही एक शक्यता. लेखनिक समोर असलेल्या प्रतीवरूनच नक्कल करतो. नेहमी त्यात हेतू शोधू नये. पण तेवढ्याने भागत नाही. आकडा बदलताना पुढच्या चाकांचा जोर सोडून द्यावा लागणार होता. ज्या माणसाला १९७३ मध्ये त्या जोराशिवाय सुकडीची पोती पोचवता आली नसती, तो १९७६ मध्ये तो जोर गोणपाटात बांधून माळ्यावर टाकतो, याचा अर्थ एकच होतो. रस्ता झाला होता. वाडीपासून धारूरपर्यंत खडी पडली होती, चाकोरी राहिली नव्हती. मागच्या आसातल्या त्रेचाळीसमधून जे चार दात कमी झाले, ते त्या खडीमुळे. मूळ प्रत जपण्याच्या आमच्या हट्टात आम्ही नेमकी हीच नोंद खरवडून काढणार होतो.

म्हणून आम्ही आमचे मत बदलले आणि आठ-एकोणचाळीस सांगितले. त्याने पुण्याचा प्रश्नही अर्धामुर्धा सुटतो. ताशी ८० ला एंजिन २७७० च्या आसपास राहते. सुखाचे नाही, सोसवेल असे आहे. पुतण्याने वाद घातला नाही. मीटरच्या तारेचे त्याने मिस्त्रींकडून दोनदा समजून घेतले, वहीतल्या त्या पानांचे फोटो काढले आणि पुण्याला गेला. चार दिवसांनी त्याच्या वडिलांचा, म्हणजे काकांच्या मुलाचा फोन आला. सामानाचे अर्धे पैसे ते देणार, एवढेच बोलले. मग म्हणाले, वही त्यांनाही बघायची आहे.

सामान आले. नवा जोड बसवणे हे किती नाजूक काम आहे, याची आम्हांला कल्पना नव्हती. दोन्ही चक्रांचे दात एकमेकांत किती खोल बसतात ते कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या घालून आणि काढून ठरवावे लागते. मिस्त्री दातांवर रंग लावायचे, चक्र हाताने फिरवायचे आणि रंग कुठे पुसला गेला ते बघायचे. टोकाला पुसला तर पुन्हा खोला, मुळाशी पुसला तर पुन्हा खोला. चार वेळा खोलले. पाचव्या वेळी दाताच्या मधोमध ठसा उमटला, तेव्हा त्यांनी नव्वद नंबरचे तेल भरले. या कामाला त्यांना दोन दिवस लागले आणि त्यांनी एकाच दिवसाची मजुरी सांगितली. आठ आणि एकोणचाळीस, आठ आणि त्रेचाळीस, अकरा आणि सत्तेचाळीस, हे आकडे असे अडनिडे का, हे आम्ही विचारले. चाळीस का नाही? ते म्हणाले, चाळीस ठेवले तर पिनियनचा तोच दात क्राउनच्या त्याच पाच दातांना जन्मभर भेटत राहील. एखादा खराब असला तर तेवढेच झिजतील. अडनिड आकड्यांत प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो.

पुढच्या ॲक्सलातले त्रेचाळीस आम्ही तसेच ठेवले. दोन्ही पाठ एकाच पोथीत असलेले बरे. दांडा पुन्हा माळ्यावर गेला आहे. पण पुढेमागे कोणी उत्साहाच्या भरात तो जोडील आणि डांबरी रस्त्यावर मधली पेटी फोडून घेईल, म्हणून दोन्ही हौसिंगवर पांढऱ्या रंगात दातांचे आकडे लिहून घेतले, आणि दांड्याच्या गोणपाटावर 'जोडू नये' अशी चिठ्ठी शिवली. मीटर दुरुस्त करायचे का, असे मिस्त्रींनी विचारले. त्याच्या तारेतले लहान चक्र बदलले की आकडा खरा येतो, काम अर्ध्या तासाचे. आम्ही नको म्हटले.

गाडी तयार झाल्यावर पहिली फेरी माजलगावची केली. पुतण्या आणि त्याचे वडील दोघेही आले. हौद्यात तुरीची दहा पोती टाकली. वाडीच्या रस्त्याच्या पहिल्या वळणावर आमच्या शेजारची एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. तिने हात करून गाडी थांबवली, चाकांकडे पाहिले आणि विचारले, "अण्णाची का?" मग हातातल्या काठीने रस्त्याची कड दाखवत म्हणाली, "हितली खडी आमी फोडल्याली. ही गाडी आली का काम थांबवून उठायचो." एवढे बोलून ती शेळ्यांमागे गेली.

धारूरचा घाट उतरताना काही अडचण आली नाही. येताना पोती विकून झाली होती, पण खताच्या गोण्या होत्या. दुसऱ्या वळणापर्यंत तिसरा गिअर धरला. तिथे एंजिन गुदमरू लागले, तेव्हा दुसरा टाकला आणि माथ्यापर्यंत दुसऱ्यातच आलो. मागे दोन ट्रक अडकून पडले होते आणि त्यांचे हॉर्न चालू होते. संध्याकाळी वाडीवर परतल्यावर पुतण्याच्या वडिलांनी स्वतः वही मागून घेतली, १९८४ च्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडली आणि तारीख, तूर, खत असे लिहून मीटरवरचा आकडा टाकला. निघतानाच्या आकड्याची वजाबाकी त्यांनी मनातल्या मनात केली आणि शेवटच्या रकान्यात ६० लिहिले.